बाई, तिला सांगा

आमचे शेजारी पदूशेठ आपल्या बायकोशी बोलत नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, संसार अगदी छान चाललाय. फक्त बोलत नाहीत. जे काही सांगायचं असेल ते तिसऱ्या माणसाला सांगतात, तेही वहिनी तिथंच समोर उभ्या असताना.

"बाई, तिला सांगा, चा टाक."

मी वहिनींकडे बघते. वहिनी म्हणतात, "त्यांना सांगा, टाकलाय."

आमच्या गावात, टेमघरला, दोघांच्या घरांमध्ये एक कंपाउंडची भिंत, तीही कमरेएवढी. त्यामुळे हे निरोप्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. पदूशेठच्या घरी पूर्वी अठरा माणसं होती. ओटीवर म्हातारा बसलेला असायचा आणि त्याच्यासमोर बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. मग नवे नवरदेव पदूशेठ गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायचे, "मी बाजारात चाललोय, जेवाला उशीर व्हईल." आत चुलीपाशी वहिनींना ऐकू जायचं. पुढे म्हैस गेली, म्हातारा गेला, भातशेतीच्या जागी गोडाऊनं उभी राहिली, पण सवय तिथंच राहिली. म्हशीची जागा मुलीनं घेतली. मुलगी प्रिया लग्न होऊन पुण्याला गेली, तर हे दिवाणखान्यातून तिला फोन लावतात. ती पुण्याहून स्वयंपाकघरात फोन लावते. "आई, बाबांना पाणी हवंय."

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला प्रियानं दोघांची युरोपची सहल ठरवली आणि मला म्हणाली, "बाई, तुम्हीपण चला ना. बाबांना इंग्लिश येत नाही." मी तिला शाळेत इंग्रजी शिकवलेलं. निवृत्त झालेली, घरात एकटी. वर्षानुवर्षं पोरांना टेम्स नदीवरचा धडा शिकवला आणि पाहिली ती फक्त गावची कामवारी नदी. मी लगेच हो म्हटलं.

इंग्रजीची गरज पदूशेठना कुठेच पडली नाही. ते अख्ख्या युरोपाशी आपल्या बोलीत बोलले. "मानूस हाय ना समोर? मंग समजंल," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ॲमस्टरडॅमच्या हॉटेलातल्या गोऱ्या पोरीला त्यांनी सांगितलं, "पोरी, उशी लय नरम हाय, मान दुखते." पोरीनं दुसरी उशी आणून दिली. एका बेल्जियन पोलिसाला थांबवून त्याच्या घोड्याच्या नालेबद्दल त्यांनी दहा मिनिटं हितोपदेश केला. पोलिसानं शेवटी खाली वाकून नाल बघितली आणि हात मिळवला. मी इंग्रजी घेऊन नुसतीच मागे उभी.

माझं काम वेगळंच होतं. पॅरिसच्या त्या लोखंडी मनोऱ्याखाली आम्ही तिघं उभे राहिलो.

"बाई, तिला सांगा, वर बग."

"वहिनी, वर बघा."

"त्यांना सांगा, बगितला."

"कसा वाटला विचारा."

"त्यांना सांगा, उंच हाय."

स्वित्झर्लंडमध्ये गोंधळ झाला. डोंगरावर जाणाऱ्या पाळण्याच्या रांगेत मी मागे राहिले आणि हे दोघं एका जपानी जोडप्याबरोबर पुढे गेले. वर पोचते तर वहिनींच्या गळ्यात एक निळा रेशमी मफलर! झालं होतं असं, की पदूशेठ त्या जपानी आजोबांना म्हणाले, "हिला सांगा, गल्याला कायतरी गुंडाल." आजोबांनी वाकून नमस्कार केला, स्वतःचा मफलर काढला आणि वहिनींना दिला. पदूशेठनी बदल्यात आपली माकडटोपी त्यांना घातली. उतरेपर्यंत ते आजोबा ती घालून फिरत होते. त्यांच्या बायकोनं त्यांचे पुष्कळ फोटो काढले.

लग्नाचा वाढदिवस रोममध्ये आला. सहलीचा शेवटचा मुक्काम. आमच्या टूर मॅनेजरनं, सुशांत नावाच्या हसऱ्या मुलानं, नाश्त्याला केक मागवला. सहलीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सुशांत म्हणाला, "काका, आज काकूंसाठी दोन शब्द होऊन जाऊ देत!"

पदूशेठ उभे राहिले. शर्ट खाली ओढला. वहिनींनी पदर सावरला आणि मान वर केली. वहिनींना असं सरळ नवऱ्याकडे बघताना मी प्रथमच बघत होते. पदूशेठनी घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तिला सांगा..."

सगळे खो खो हसले. पदूशेठही हसले आणि बसले. वाक्य राहिलं ते राहिलंच.

वहिनी हसल्या नाहीत. केकचा तुकडा त्यांनी तसाच बशीत ठेवला. त्यानंतर मी निरोप नेत राहिले: तिला सांगा छत्री घे, तिला सांगा पानी पी. उत्तर एकाचंही आलं नाही. दुपारपर्यंत पदूशेठ कासावीस झाले. बसमध्ये मागच्या सीटवरून माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, काय बोलली का ती?"

"नाही. तुम्हीच विचारा की."

ते आणखी पुढे वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "मना भ्या वाटतं. सुरवातीला बोललो असतो तं सोपा व्हता. आता चालीस वर्सांनी पयला शब्द कंचा काराचा? कायतरी मोठा पायजे ना? मी रोज इचार करतो. रोज वाटतं, ह्यो शब्द लहान हाय."

बस थांबली आणि आम्ही उतरलो.

मोठा चौक होता, मध्ये कारंजं, चहूकडे माणसं. सुशांतनं तासाभराचा वेळ दिला. तास संपला, सगळे जमले आणि वहिनी नाहीत. फोन त्यांनी घरीच ठेवला होता. इथं बोलणार कुणाशी?

पदूशेठचा चेहरा पांढरा पडला. ते चौकाच्या मधोमध गेले आणि ओरडले, "ए! आयकला का?"

चौकातल्या भारतातून आलेल्या पाच-सहा बायकांनी एकदम मागे वळून बघितलं. त्यांत वहिनी नव्हत्या.

"प्रियाची आय! ओ प्रियाची आय!"

सुशांत धावत आला. "काका, काकूंचं नाव घेऊन हाक मारा! असं कसं समजणार त्यांना?"

पदूशेठनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हे काम मी करणार नव्हते. त्यांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि अशी हाक मारली की गावाकडच्या खाडीच्या पलीकडच्या काठाला जावी.

"गुलाब!"

काय झालं ते मी शपथेवर सांगते. त्या चौकात बांगलादेशी पोरं गुलाबाची फुलं विकत फिरत होती. चारी बाजूंनी पाचजण धावत आले आणि पदूशेठच्या तोंडासमोर फुलांचे गुच्छ धरले. "गुलाब, साब! फ्रेश गुलाब!"

"ये नय रे! मेरा गुलाब!"

"ये लो साब, ये लाल वाला अच्छा है!"

"अरे बाबा, मेरी घरवाली का नाम गुलाब है! खो गयी है!" आणि पदूशेठ भर चौकात रडायला लागले. "निली साडी, सफेद बूट. चालीस साल का साथ है रे!"

पोरं एकदम गंभीर झाली. त्यांच्यातला मोठा बंगालीत काहीतरी बोलला आणि पाचहीजण पाच दिशांना पांगले. पुढची दहा मिनिटं तो चौक "गुलाब भाभी! गुलाब भाभी!" या आरोळ्यांनी दुमदुमत होता. आणि सगळ्यांच्या वर पदूशेठचा आवाज, फाटलेला, "गुलाब! ए गुलाब!" एक गोरं जोडपं फुलं विकत घ्यायला म्हणून त्यांच्याकडेच गेलं.

वहिनी मला सापडल्या. चौकाच्या कडेला चर्चच्या पायऱ्या होत्या, तिथं खांबाच्या आडोशाला बूट काढून बसल्या होत्या. तिथून सगळा चौक दिसत होता.

"वहिनी! अहो, ते तिकडे वेडे झालेत! ऐकू येत नाही का?"

त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. डोळे भरलेले, पण चेहऱ्यावर एखाद्या पोरीसारखं हसू.

"येतंय की. गप बसा, बाई. मी ओ दिली का त्यांची हाक बंद व्हईल. आनखी दोनदा मारूं द्या."

दोनदा नाही, सहा-सात वेळा ती हाक आली. मग फुलं विकणाऱ्या एका पोरानं निळी साडी बघितली आणि शिट्टी वाजवली.

पदूशेठ धावत आले. केस विस्कटलेले, शर्ट बाहेर आलेला, हातात कुणीतरी कोंबलेली तीन-चार गुलाबं. पायऱ्यांपाशी थांबले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वहिनींकडे बघितलं. मग सवयीनं त्यांची नजर माझ्याकडे वळली, तोंड उघडलं.

मी दुसरीकडे बघायला लागले.

मग पदूशेठ एक पायरी खाली टेकले आणि त्यांचा आवाज आला, इतका बारीक, की हे तेच का असं वाटलं.

"पाय दुखतान का?"

"बोटं सुजल्यान," वहिनी म्हणाल्या. "नवं बूट हाय ना."

"मंग सांगाचा ना."

"कोनाला सांगू?"

मी उठले आणि कारंज्याकडे चालू लागले. एकदाच मागे वळून बघितलं. पदूशेठनी वहिनींचा पाय मांडीवर घेतला होता आणि बोटं चेपत होते. वहिनी काहीतरी सांगत होत्या. लांबलचक काहीतरी, हातवारे करून. आणि ते ऐकत होते.

सुशांत हातातलं घड्याळ दाखवत धावत आला. "मॅडम, बस केव्हाची थांबलीय! काकू सापडल्या ना? मग काय करतायत ते दोघं?"

"बोलतायत," मी म्हटलं. "बसला थांबू दे."