राजधक्क्याची खोली

मुलांनो, एका जंगलाला समुद्र होता. जंगलाला समुद्र कसा, असं विचारू नका. प्रश्न विचारले की काय होतं, तेच आज सांगायचं आहे.

या जंगलाच्या बंदरात दोन धक्के होते. मध्ये रुंद खाडी. खाडीच्या अलीकडे जुना धक्का. तो कुणी बांधला ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो टिकला होता. पलीकडे राजधक्का. तो सिंहमहाराजांनी बांधला होता. म्हणजे दगड गाढवांनी वाहिले होते, पण पाटीवर नाव महाराजांचं होतं.

राजधक्क्याच्या उद्घाटनाला पाण्याची खोली मोजायचा कार्यक्रम ठेवला होता. चाळीस हात लांबीचा बांबू पाण्यात सोडला. तीन हात पाण्यात गेला, दहा हात गाळात गेला आणि राहिलेल्या बांबूवर महाराजांचा झेंडा फडकला. बंदर खात्याच्या गवासाहेबांनी नोंदवहीत खोली लिहिली, चाळीस हात. त्यांनी बांबू मोजला होता.

आणि त्या जंगलाचा एक रिवाज होता. महाराजांसमोर जे मोजलं, ते पुन्हा मोजायचं नाही.

आता गोष्ट सुरू होते.

त्या जंगलात येसू नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण स्वभावानं मऊ. तिची धाकटी बहीण काशी अकरा वर्षांपूर्वी परदेशी गेली होती आणि एका मोठ्या पर्यटक जहाजाच्या भटारखान्यात कांदे कापत होती. मधल्या काळात त्यांची आई वारली. येसूनं ते कुरव या समुद्रपक्ष्याबरोबर कळवलं. इकडे येसू एकटी रडली, तिकडे काशी एकटी रडली. एकत्र रडायचं राहून गेलं होतं.

एक दिवस कुरव काशीचा निरोप घेऊन आला.

"ताई, येत्या पौर्णिमेला सकाळी आमचं जहाज तुमच्या बंदराला लागणार. फक्त दोन तास थांबणार. आम्हा कामकऱ्यांना धक्क्यावर उतरू देतात, धक्क्याबाहेर सोडत नाहीत. तू धक्क्यावर ये. कुठला धक्का ते तिकडे विचारून घे."

विचारून घे! बिचारी काशी. अकरा वर्षं बाहेर राहिल्यावर आपल्या जंगलाबद्दल असे गैरसमज होतात.

खाडीला वळसा घालून एका धक्क्यावरून दुसऱ्यावर जायला साळूच्या पावलांनी आख्खा दिवस लागे. जहाजाच्या दिवशी सुरक्षेसाठी खाडीत होड्यांना बंदी होती. म्हणजे चुकीच्या धक्क्यावर उभं राहिलं, तर बहीण गेली. पुढची भेट आणखी अकरा वर्षांनी, नाहीतर कधीच नाही.

येसू बंदर खात्याच्या चौकशीच्या खिडकीवर गेली. खिडकीत मुंगूस बसलं होतं.

"दादा, पौर्णिमेचं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार?"

"ती माहिती फक्त पासधारकांना."

"मग पास द्या."

मुंगसानं एक अर्ज पुढे सरकवला. पहिलाच रकाना होता, कोणत्या धक्क्यावर जाणार?

"पण तेच तर मी विचारतेय!"

"मावशी, रकाना रिकामा ठेवलात तर अर्ज बाद."

"मग दोन्ही धक्के लिहिते."

"दोन्ही लिहिलेत तर संशयित." मुंगसानं आवाज खाली आणला. "तुमच्या अंगावर काटे आहेत, मावशी. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

येसू गवासाहेबांच्या दालनात गेली. गवासाहेब प्रशस्त होते. खुर्चीत मावत नव्हते म्हणून खुर्चीच मोठी केली होती.

"साहेब, बहीण येतेय हो. दोन तासांसाठी. एवढंच सांगा, जुना धक्का की राजधक्का?"

"दोन्ही धक्के सक्षम आहेत," गवासाहेब म्हणाले.

"हो, पण जहाज एकच आहे ना?"

"योग्य वेळी, योग्य पातळीवर, योग्य तो निर्णय होईल."

"योग्य वेळ म्हणजे कधी?"

"जहाज लागल्यावर कळवू."

येसू बाहेर पडली आणि कोळीवाड्यात गेली. तिथे रामा नावाचं म्हातारं पाणमांजर जाळं दुरुस्त करत बसलं होतं. जन्म त्याचा त्या खाडीत गेला होता.

"रामभाऊ, एवढं मोठं जहाज कुठं लागेल हो?"

रामा हसता हसता खोकला. "अगं बाय माझे, त्यात विचारायचं काय? जुन्या धक्क्याला. राजधक्क्यापाशी पाणी हाय कुठं? माझी म्हातारी तिथं शिंपल्या काढाया जाते, ती गुडघ्यापर्यंत पण भिजत नाय."

"मग गवासाहेब सरळ सांगत का नाहीत?"

"जुना धक्का म्हनाले, तर लोक इचारतील, राजधक्का का नाय? मग बांबूचं काय करायचं?"

येसूला पटलं. इथेच ती घरी गेली असती, तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण प्रामाणिक माणसांना एक वाईट खोड असते. त्यांना खरं कळलं, की सरकारकडून त्याच्यावर होकार हवा असतो. येसू साळू होती, पण खोड तीच.

ती पुन्हा गवासाहेबांकडे गेली.

"साहेब, तुम्ही काही बोलू नका. नुसती मान हलवा. जुनाच धक्का ना? राजधक्क्यात गाळ आहे म्हणून?"

गवासाहेबांची मान हलली नाही. मान सोडून बाकी अख्खे गवासाहेब हलले.

येसू गेल्याबरोबर त्यांनी दरबारात चिठ्ठी पाठवली, की काही काटेरी घटक राजधक्क्यात गाळ असल्याची अफवा पसरवत आहेत. चिठ्ठी वाचून महाराजांनी डरकाळी फोडली. मग हुकूम निघाला, की अफवेला कृतीनं उत्तर देण्यात येईल आणि जहाज राजधक्क्यालाच लागेल.

मुलांनो, लक्षात घ्या. तोवर ते जहाज खरोखरच जुन्या धक्क्याला लागणार होतं. तशी व्यवस्थाही गुपचूप झाली होती. येसूनं खरं शोधून काढलं, म्हणून ते खोटं झालं.

हुकूम अर्थातच गुप्त होता.

पौर्णिमेच्या पहाटे येसू जुन्या धक्क्यावर हजर झाली. सोबत तांदळाच्या पिठाच्या, तळलेल्या गोड बोरांची पुडी. आई करायची तशी. रामाही आला होता, होड्यांना बंदी असल्यामुळे त्याला दुसरं काम नव्हतं.

सूर्य वर आला आणि जहाज दिसलं. पांढरं, सात मजली. येसूनं पुडी छातीशी धरली. जहाज जवळ आलं. आणखी जवळ आलं. आणि खाडीच्या तोंडाशी वळून पलीकडे निघालं.

"रामभाऊ, ते तिकडं का चाललंय?"

रामा उठून उभा राहिला. "अरे देवा," एवढंच म्हणाला.

जहाजाचा कप्तान एक पांढरं अस्वल होतं. त्यानं आपल्या रीतीप्रमाणे खोली विचारली. गवासाहेबांनी नोंदवही दाखवली. चाळीस हात, खाली महाराजांच्या पंजाचा ठसा. थंड मुलखातले प्राणी भोळे असतात. ते शिक्का बघून विश्वास ठेवतात.

जहाज भरतीबरोबर राजधक्क्यात शिरलं, एकदा कण्हलं आणि थांबलं. ओहोटी लागली तसं ते थोडं डावीकडे कललं. बँड वाजला. माकडांनी फुलं उधळली. "इतकं घट्ट जहाज आजवर कुठल्याच बंदराला लागलेलं नाही!" गवासाहेबांनी भाषणात सांगितलं. आणि ते एक वाक्य मात्र पूर्ण खरं होतं.

इकडे येसू मटकन खाली बसली. "मी वळसा घालून पोचेपर्यंत संध्याकाळ होईल हो. दोन तास थांबणार ते."

"उठ, चालाया लाग," रामा म्हणाला. "सावकाश जा, पाय मुरगाळू नकोस. त्या गाळातनं ते दोन तासांत निघालं ना, तर मी मासे खायाचे सोडीन."

संध्याकाळी येसू पोचली. राजधक्क्यावर, कललेल्या जहाजाच्या सावलीत, काशी उभी होती. जाड झाली होती, हाताला कांद्याचा वास होता. दोघींनी काटे मिटून एकमेकींना मिठी मारली आणि आईसाठी पोटभर रडल्या. मग बोरं खाल्ली. मग पुन्हा रडल्या.

पहिल्या आठवड्यात जहाज निघालं नाही. दुसऱ्यातही नाही. 'पाहुण्यांना आपलं जंगल इतकं आवडलं की ते जायला तयार नाहीत', असं दरबारानं जाहीर केलं. येसूनं राजधक्क्याजवळच बीळ खणलं. रोज काम संपलं की काशी उतरायची. कधी भांडायच्या, कधी आईच्या नकला करायच्या. येसूचं वजन वाढलं.

महिना झाल्यावर मात्र कप्तान अस्वलानं दरबारात तक्रार केली. गाळ उपसा आणि जहाज सोडवा, नाहीतर मी जगभर बोभाटा करीन. बाहेरच्यांसमोर शोभा नको, म्हणून महाराजांनी चौकशी नेमली. राजधक्क्यात गाळ आहे की नाही? असेल तर उपसू, एका दिवसात जहाज मोकळं करू. रिवाजामुळे मोजायची सोय नव्हती, म्हणून साक्षी घ्यायचं ठरलं.

पहिली साक्ष रामाची झाली.

"गाळ हाय, म्हाराज. दहा हात. पयल्या दिवसापासून हाय."

"आणखी कुणी सांगेल?" महाराजांनी विचारलं.

"येसूबाय सांगंल की," रामा खुशीत म्हणाला. "गाळाचा सवाल सायबांच्या दालनात तिनंच तर इचारला."

येसू पुढे आली. गवासाहेबांनी डोळे मिटले. बाहेर, राजधक्क्यावर, काशी पायरीवर बसून तिची वाट बघत होती.

एका दिवसात जहाज मोकळं.

"बोला, साळूबाई. गाळ आहे?"

येसूनं घसा साफ केला. "नाही, महाराज."

"येसूबाय?" रामा म्हणाला.

येसूनं त्याच्याकडे बघितलं नाही. "पाणी खोल आहे, महाराज. चाळीस हात. जरा जास्तच असेल."

दरबारानं टाळ्या वाजवल्या. गवासाहेबांना पदक मिळालं. कप्तानाला सांगण्यात आलं की जहाजातच दोष असावा. चौकशीच्या खिडकीवर येसूला कायमचा पास मिळाला, मुंगसानं रकाने स्वतः भरले.

अफवा पसरवल्याबद्दल रामाला शिक्षा झाली. त्याच्या म्हातारीला राजधक्क्यापाशी शिंपल्या काढायची बंदी करण्यात आली. कारण तिथलं पाणी चाळीस हात खोल होतं, आणि ती बुडाली असती तर जबाबदार कोण?

तात्पर्य: गाळ कुणालाच नको असतो, असं समजू नका. तो उपसायची वेळ आली, की त्यात प्रत्येकाची एक तरी बहीण रुतलेली निघते.