पिठातली शिंदी

लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मन्मथप्पानं आपल्या बायकोला जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं. बीडच्या पेठेतल्या त्या लिंगायत घराची रीतच तशी होती. आधी पुरुषांची पंगत, मग पोरंसोरं, मग म्हाताऱ्या, आणि सगळ्यांचे ढेकर देऊन झाले की चुलीच्या उजेडात सुनेची पाळी. तोवर मन्मथप्पा दुकानाच्या गादीवर जाऊन बसलेला असे. एकदा पाणी प्यायचं निमित्त करून तो मध्येच घरात शिरला, तर शांतादेवीनं ताट मागे सारलं आणि तोंडाला पदर लावला. त्याची आई शिवम्मा तिथेच होती. "कावून रं?" तिनं विचारलं, "दुकानातला माठ फुटला का?" पुन्हा काही त्याची छाती झाली नाही.

आणि आता तर शांता निघाली होती. सातवा महिना लागला होता. उद्या तिचा भाऊ चकलांब्याहून गाडी घेऊन यायचा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळानं चांगलं बाळसं धरेपर्यंत सून काही परत येत नाही. शिवाय बाळंतपणाला गेलेल्या सगळ्याच परत येतात असं नाही. ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे, पण मन्मथप्पाच्या घशात ती रोज भाकरीच्या तुकड्याबरोबर अडकत होती. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिच्यासमोर बसून तिच्याबरोबर जेवावं, एवढंच त्याला हवं होतं. मागणं काही मोठं नव्हतं. पण मागणार कुणाकडे?

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते सिकंदराबादेत. दिवाळीआधी दुकानासाठी कापड आणायला तो गेला होता. तिथल्या छावणीत एका फिरंगी भटाऱ्याचं दुकान होतं आणि काचेच्या आड एक साहेब आणि त्याची मडम एकाच बशीतून काहीतरी खात होती. तळहाताएवढ्या रोट्या, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या. त्यांवर लाल चटणी, तिच्यावर वितळलेलं पांढरं काहीतरी आणि शेंड्याला खोचलेलं हिरवं पान. मडम तोंड झाकत नव्हती. उलट खाता खाता हसत होती. मन्मथप्पा भर रस्त्यात उभा राहिला, तो टांगेवाल्यानं शिव्या घातल्यावरच हलला.

मग मागच्या दारानं जाऊन त्यानं तिथल्या कारागिराला गाठलं. पांढरं ते दुधाचंच आणि लाल ती विलायती वांगी, साहेबलोक ज्यांना टोमॅटो म्हणतात ती, मांसमच्छीचा संबंध नाही, ही खात्री आधी करून घेतली. "और आटा ऐसा फूलता कैसा?" त्यानं विचारलं.

"सेंधी डालना पडता, मियाँ," कारागीर म्हणाला. "सेंधी नै डाले तो रोटी नै बनती, चमडा बनता."

सेंधी म्हणजे आपली शिंदी, शिंदीखान्यात बसून लोक पितात ती. ज्या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत, त्या घरात शिंदी! मन्मथप्पानं कानाला हात लावला. पण बीडला येईपर्यंतच्या साऱ्या वाटेवर त्याच्या डोळ्यांपुढून ती हसणारी मडम काही हलली नाही, आणि जालन्याला रेल्वेतून उतरून बैलगाडीत बसल्यावर तर तिच्या जागी शांताच दिसायला लागली.

योग असा आला की नेमकं आजच सगळं घर कपिलधारला दर्शनाला निघालं. वडील बसप्पा, आई, म्हाताऱ्या, पोरंसोरं आणि त्यांच्याबरोबर मठाचे महाराज. रात्री मुक्काम करून उद्या सकाळी, शांताचा भाऊ यायच्या आत, परत. उद्याचा प्रवास आहे म्हणून शांता घरी राहणार होती आणि दुकान उघडं राहावं म्हणून मन्मथप्पा. गाडी वेशीबाहेर पडली आणि त्यानं दुकानाला कुलूप घातलं.

विलायती वांगी त्यानं तालुकदाराच्या बंगल्याच्या माळ्याकडून मिळवली. चक्का घरी टांगलेला होता. राहिली शिंदी. भर दुपारी, तांब्या उपरण्याखाली धरून, तो शिंदीखान्यात शिरला. शिंदीखान्याचा धुळाजी त्याला बघून उठूनच उभा राहिला.

"मालक, तुमी? हितं?"

"हळू बोल बे. मला प्यायला न्हाई, पिठात घालायला पायजे."

धुळाजी पोट धरून हसला. "पैल्यांदा समदेच कायतरी सांगत्यात. कुणी म्हणतं बैलाच्या खुराला लावायचीय, कुणी म्हणतं सासूच्या गुडघ्याला. पीठ मातर आजच ऐकलं."

कोपऱ्यात आश्रुबा बसला होता. दुकानाच्या गाठी उचलणारा हमाल, मनाचा निर्मळ, आणि तीच मोठी अडचण. "या मालक, टेका," त्यानं जागा करून दिली.

"न्हाई, मी घरी नेतो."

"घरी!" आश्रुबा गहिवरला. "ह्येला म्हन्तेत खानदानी रीत. आमच्यावानी उघड्यावर न्हाई."

मन्मथप्पा घामानं निथळत परत आला. आश्रुबानं राहिलेलं संपवलं आणि तोही उठला. त्याला सासुरवाडीला जायचं होतं, आणि त्याची सासुरवाडी कपिलधारच्याच वाटेवर होती. हे मन्मथप्पाला माहीत असतं तर ही कथा इथेच संपली असती.

घरी येऊन त्यानं परातीत कणीक घेतली आणि तांब्या उपडा केला. शिंदी किती घालायची ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून सगळीच घातली. आणखीही काहीतरी राहिलंय असं त्याला दोनदा वाटलं, पण काय ते आठवेना. तोवर पीठ फुगायला लागलं. आधी कौतुक वाटलं, मग धास्ती. पिठानं वरचं झाकण उचललं आणि ते परातीच्या काठावरून खाली उतरायला लागलं. मन्मथप्पा एका बाजूनं आत ढकलायचा, तर ते दुसऱ्या बाजूनं निघायचं.

"अवो, तुमी चुलीपुढं?" दारात शांता उभी होती. "कुणी बघितलं तर मला हासतील."

"कुणी न्हाई बघत. तू बस तिकडं."

"आन ह्यो वास कशाचा?"

"हैदराबादचा," मन्मथप्पा म्हणाला.

त्यानं पिठाचे बदाम कापायला घेतले. पहिला तव्यावर फुगून म्हशीच्या कासेसारखा झाला. दुसरा त्याहून बेशरम दिसला, तो त्यानं घाईनं चुलीत टाकला. हताश होऊन तो बसला. मग त्याच्या बोटांनी, जन्मात जो एकच नक्षीदार आकार रोज हाताळला होता, तो आपोआप कापला: बेलाचं पान. तीन पाकळ्या आणि देठ. तो मात्र झकास जमला. खाली निखारे, वरच्या झाकणावर निखारे ठेवून त्यानं पानं भाजली, लाल वांगी हातानं कुस्करून त्यांवर पसरली, चक्क्याची टिकली ठेवली, डाळिंबाचे दाणे लावले आणि प्रत्येकाच्या शेंड्याला कोथिंबिरीचा तुरा खोचला. चुलीपुढे धूर, डोळ्यांत पाणी, कोपरापर्यंत लाल रस. पण ताट असं सजलं होतं की त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"एवढं कुणासाठी?" शांतानं विचारलं.

"आपल्यासाठी."

"आपल्या म्हंजी?"

"तू आन मी. एका ताटात." हे बोलताना त्याचा आवाज बारीक झाला. "तू उद्या चाललीस. पुन्ना कवा..."

शांता तोंड फिरवून माजघरात गेली. रागावली, मन्मथप्पाला वाटलं. आणि रागावणारच, कुठली घरंदाज बाई असलं ऐकून घेईल? एवढा खटाटोप, एवढी लाज, आणि शेवटी हे. तो मान खाली घालून बसला. तेवढ्यात खट् असा आवाज झाला. शांतानं दोन पाट आणून समोरासमोर मांडले होते.

आणि त्याच घटकेला दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

मन्मथप्पानं धावत जाऊन कडी काढली. समोर बसप्पा, मागे शिवम्मा, त्यांच्यामागे महाराज; म्हाताऱ्या आणि पोरं अजून गाडीतून उतरत होती. वाटेत महाराजांच्या पूजेसाठी थांबलेली गाडी गाठून आश्रुबानं, मालकाच्या पोरानं घरी नेऊन प्यायची कशी खानदानी रीत पाळली, ते मोकळ्या मनानं वाखाणलं होतं. बसप्पानं तिथल्या तिथे बैल वळवले होते.

"आगं माय!" शिवम्मा किंचाळली. "हात बघा ह्याचे! रगत! पिऊन सुनंला मारलं ह्यानं!"

"आई, रगत न्हाई, वांगी हायेत."

"वांग्याला रगत असतं का रं मुडद्या?"

शांता दाराआडून सुखरूप दिसली तेव्हा तो एक आरोप मिटला. पण बसप्पानं हवेत नाक फिरवलं आणि तो थेट चुलीपर्यंत गेला. रिकामा तांब्या उचलून हुंगला.

"शिंदी आणली का न्हाई?"

"आणली."

"प्यालास?"

"न्हाई अप्पा, शपथ. पिठात घातली."

"पिठात!" शिवम्मानं कपाळ बडवलं. "आरं, पिणारा बरा. त्यो निदान भांडं तरी येगळं ठिवतो. ह्यानं माझ्या परातीत घातली!"

महाराज पुढे आले. दिवसभर गाडीत हेलकावे खाऊन त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी ताटावरचं झाकण उचललं आणि नको तितका वेळ उचलूनच धरलं.

"हा आकार कशाचा?" त्यांनी विचारलं.

मन्मथप्पानं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "पानाचा."

"कोणत्या पानाचा?"

खोटं बोलावं, नागवेलीचं म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण तीन पाकळ्यांची नागवेल कुणी पाहिलीय? "बेलाच्या," तो म्हणाला.

शिवम्मा मटकन खाली बसली. बसप्पानं डोळे मिटले. शिंदी आणणं हा एक गुन्हा होता, ती परातीत ओतणं हा दुसरा. पण शंकराचं बेलपान शिंदीत मळलेल्या पिठाचं करावं, एवढी अक्कल सात पिढ्यांत कुणी दाखवली नव्हती. मन्मथप्पाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जेवण गेलं, अब्रू गेली, आणि उद्या शांताही जाणार होती. जाताना तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचं हे असलं ध्यान राहणार होतं.

महाराजांनी विभूतीची बोटं कपाळावर ओढली. "प्यायला नाही, एवढं खरं दिसतं," ते म्हणाले. "पण दोष लागलाच. पंधरवड्यावर आलेल्या शिवरात्रीला अभिषेक करून शुद्ध होईपर्यंत ह्यानं पंगतीला बसायचं नाही, चुलीजवळ फिरकायचं नाही. जेवण गोठ्यात. आणि हे ज्यानं ज्यानं खाल्लं असेल, त्याला हाच नेम. कुणी खाल्लं?"

कुणीच नाही, असं मन्मथप्पा सांगणार होता. त्याचं स्वतःचंही चव घेणं राहिलं होतं. एवढ्यात दाराआडून बांगड्या वाजल्या.

"मी खाल्लं," शांता म्हणाली.

"कवा?" शिवम्मा ओरडली.

"हे कडी काढायला गेलते तवा."

"आगं, सातव्या महिन्यात! आन उद्या तुझा भाऊ न्यायला येतोय!"

"शुद्ध झाल्याबिगर कशी धाडता?" महाराज म्हणाले. "माहेरचं घर बाटवायचंय का? भावाला म्हणावं, शिवरात्रीनंतर ये."

शिवम्मानं पदर तोंडाला लावला. मग एकदम उठून तिनं ते ताट उचललं आणि लांबूनच मन्मथप्पाच्या हातात दिलं. "हे बी घिऊन जावा. गाईला घालायचं न्हाई, कुत्र्याला घालायचं न्हाई. तुमचं पाप तुमीच खावा."

गोठ्यात कंदिलाचा उजेड होता. म्हैस रवंथ करता करता दोघांकडे बघत होती. शांतानं येताना दोन्ही पाट काखेत मारून आणले होते. ते तिनं गव्हाणीजवळ समोरासमोर मांडले. मधे ताट. चक्का ओघळला होता, कोथिंबिरीचे तुरे माना टाकून पडले होते. घरातून शिवम्माचं रडणं आणि महाराजांना वाढल्या जाणाऱ्या भाकरीचा वास दोन्ही येत होतं. मन्मथप्पाला वर बघवेना.

"माझ्यापायी तुला ह्यो वनवास," तो म्हणाला. "कशाला उष्टावलंस? मला सगळं नीट करून द्यायचं होतं."

शांतानं एक पान उचललं. तोंडावर पदर नव्हता. तिनं देठाकडून मोठा घास तोडला आणि चावायला लागली, आणि मन्मथप्पा बघत राहिला. तिच्या गालात घास कसा फिरतो, चावताना ती एक भुवई कशी उचलते, हे सगळं त्यानं चार वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मग ती चावायची थांबली.

"मीठ न्हाई ह्याला," ती म्हणाली.

मन्मथप्पानं कपाळाला हात लावला. तेच राहिलं होतं! "आता सांगतीस? मग मघाशी खाल्लंस तवा का न्हाई बोललीस?"

"मघाशी खाल्लं असतं," शांता म्हणाली, "तर समद्यांपुढं कबूल केलं असतं का मी?"

आणि तिनं दुसरं पान उचललं.