अर्जुनरावांचा भारद्वाज

पाय मोडून घरी बसल्यापासून अर्जुनरावांचं एकच दुखणं होतं, बोलायला माणूस नव्हतं. जन्मभर मलकापूर-बुलढाणा एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, गप्प बसणार कसा? धामणगाव बढ्याच्या अंगणात त्यांनी लिंबोणीला पाण्याचं भांडं टांगलं, खाली ज्वारी टाकली आणि चिमण्या, बुलबुल, सातभाई अशा मिळेल त्या प्रवाशांशी बोलायला सुरुवात केली. "सरका पुढं, जागा हाय," असं ते सातभायांना सांगू लागले, तेव्हा त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, स्वयंपाकघरात कपाळाला हात लावला.

मग एका सकाळी लिंबोणीखाली भारद्वाज उतरला. तांबडे पंख, लालभडक डोळे, चाल तर व्याह्यासारखी रुबाबदार. शेजारची संजीवनी मुलाखतीला निघाली होती. तिने कुंपणावरून पाहिलं, हात जोडले आणि तिला नोकरी लागली. झालं! भारद्वाज दिसणं शुभ, हे गावाला ठाऊक होतंच. आता पत्ताही कळला.

कुणी ट्रॅक्टर घ्यायला निघालेलं, कुणी सोयरीक जमवायला, जो तो आधी अर्जुनरावांच्या अंगणात. पक्षी येईपर्यंत बसायचं, म्हणजे चहा आला, गप्पा आल्या. अर्जुनरावांचा चेहरा फुलला.

"लोकायले चहा पाजू पाजू माहे हात दुखून राह्यले," सरस्वतीबाई कुरकुरायच्या.

आणि भारद्वाज येईनासा झाला.

अर्जुनराव सकाळपासून लिंबोणीकडे डोळे लावून बसू लागले. पक्षी गेला, आता माणसंही जाणार. अशाच एका सकाळी गावातल्या सोजराबाई लेकीचं स्थळ पाहायला निघाल्या होत्या आणि केव्हाच्या ताटकळल्या होत्या. अर्जुनराव काठी टेकत न्हाणीमागे गेले आणि कंडक्टरच्या कमावलेल्या गळ्यातून त्यांनी भारद्वाजाचा आवाज काढला, "कूप, कूप, कूप."

परत आले तर सोजराबाई हात जोडून उभ्या. "दिसला नाई तरी चालते. आवाज आयकला न."

तेव्हापासून रोज कुणी आलं की अर्जुनरावांना न्हाणीमागे काहीतरी काम निघू लागलं.

एक दिवस संजीवनी पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आली. सोजराबाईही बसल्या होत्या. अर्जुनरावांच्या हातात कप होता, ते अजून उठलेही नव्हते, आणि न्हाणीमागून घुमला आवाज, "कूप, कूप, कूप."

अर्जुनरावांचे डोळे भरून आले. आला, खराखुरा आला! लगबगीने ते मागे गेले. पाहतात तर सरस्वतीबाई रिकाम्या घागरीत तोंड घालून ओरडत होत्या.

"तू?"

"मंग काय करू? तुमचा पाय ठणकून राह्यला रोजच्या चकरांनी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमी एकटे बसत होते तवा मले घास गोड लागत नव्हता. येऊ द्या लोकायले."

अर्जुनरावांनी तिच्या हातातली घागर घेऊन खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात जे कधी बोलले नव्हते, ते बोलले, "लई उपकार हायत तुहे माह्यावर."

"हळू बोला. बाहेर आयकू जाईन."

दोघं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने अंगणात आले. संजीवनीने अर्जुनरावांच्या हातावर पेढा ठेवला.

"काका, आज आवाज गोड होता. पण काकूले रोज नका लावू, घसा बसन त्यायचा."

अर्जुनरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. सोजराबाईंनी शांतपणे रिकामा कप पुढे केला.

"मले बी येते तसा आवाज काढता," त्या म्हणाल्या. "उद्या माही पाळी धरा."