आधी चर्चा, मग चित्रपट

शेवट

पडद्यावर निळा चौकोन उमटला, जरासा थरथरला आणि गेला. सभागृहात अंधार झाला तो झालाच.

"दिवा गेला प्रोजेक्टरचा," मागच्या खिडकीतून ऑपरेटर म्हणाला. "नवा आणायला माणूस पाठवलाय."

दिग्दर्शिका पहिल्या रांगेतून उठली. तिच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचा हा पहिलाच खेळ; पण डगमगणं तिच्या स्वभावात नव्हतं. काळजी एकच होती, सहाव्या रांगेतल्या बाबांची. वकिली सोडून घरी बसलेल्या या गृहस्थांनी लेकीचे आधीचे सगळे लघुपट डोळे मिटून पाहिले होते आणि दिवे लागताच 'छान होतं' म्हणून टाळ्याही वाजवल्या होत्या. या खेपेला तिने चोख बंदोबस्त केला होता. जेवण हलकं दिलं, दुपारी सक्तीने झोपवलं आणि आणून बरोबर एसीच्या झोताखाली बसवलं. एकदा तरी बाबांनी तिचं काम जागेपणी पाहावं, एवढंच तिला हवं होतं. आता ती दुपारची झोप किती वेळ पुरणार?

संयोजकांनी माइक हातात घेतला. "आपला महोत्सव म्हणजे अर्थपूर्ण गोष्ट आणि प्रेक्षकांशी संवाद. गोष्ट जरा खोळंबली आहे. पण संवादाला कुठे दिवा लागतो? आपण प्रश्नोत्तरं उरकून घेऊ."

"अहो, पण चित्रपट कुणी पाहिलेलाच नाही," दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

"आमच्या प्रेक्षकांना कमी लेखू नका, मॅडम."

सभागृहातले दिवे लागले आणि लगेच हात वर झाले. माहितीपत्रकात दोन ओळी होत्या: एक घर, एकटी बाई, भांडून गेलेली बहीण. तेवढं भांडवल पुरेसं होतं.

"माझा प्रश्न नाही, निरीक्षण आहे," शालवाल्या काकू म्हणाल्या. "तुमची शांतता फार बोलकी आहे."

"त्यावर आम्ही खूप मेहनत घेतली," दिग्दर्शिका म्हणाली. एकदा बोलायला उभी राहिल्यावर मागे हटेल ती ती कसली.

"पण शेवट अर्धवट का सोडलात?" एका दाढीवाल्याने विचारलं.

"अर्धवट कुठे? बहीण परत येते की," काकू म्हणाल्या.

"नाही येत. काहीतरी काय."

"तुम्ही मघाशी फोन घ्यायला बाहेर गेला होतात. तेव्हा आली असेल."

दाढीवाला विचारात पडला. बघता बघता सभागृहात दोन तट पडले, एक बहीण आणणाऱ्यांचा आणि दुसरा न आणणाऱ्यांचा. दिग्दर्शिकेने दोन्ही बाजूंना इतक्या ठामपणे दुजोरा दिला की दोघांनीही तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मध्यंतर

"दिवा बसला," ऑपरेटर ओरडला. "लावू का?"

लोक तोवर पिशव्या आवरत होते.

"आता बघून काय करायचं?" काकू म्हणाल्या. "मनात बसलाय तो बिघडायचा."

"मला तर मत बदलायचंच नाहीये," दाढीवाला म्हणाला. दोघं तावातावाने बोलत चहाकडे गेले आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह रिकामं झालं.

"इतका रंगलेला संवाद आजवर झाला नव्हता," म्हणत संयोजकही गेले.

सहाव्या रांगेत बाबा तेवढे उरले.

"बाबा, निघायचं का?"

"पिक्चर बघायला आणलंस ना? मग दाखव. दुपारची झोप काय फुकट घालवू?"

सुरुवात

चित्रपट सुरू झाला. दिग्दर्शिका पडद्याकडे न बघता बाबांकडे बघत बसली. पहिल्या प्रसंगानंतर ते पुढे सरकले आणि मग त्यांची पाठ खुर्चीला टेकलीच नाही. एरवी जिथे ते हमखास घोरले असते, त्या खिडकीच्या लांबलचक दृश्यात त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली. एकदा तर अर्धवट उठलेही. तिचा ऊर भरून आला. सगळं सभागृह गेलं तरी चालेल, असं तिला वाटलं.

दिवे लागले.

"कसा वाटला, बाबा?"

"एक प्रश्न आहे."

"विचारा ना." आज तिच्याकडे उत्तरांचा तोटा नव्हता.

"सुरुवातीला ती बाई गॅसवर दूध ठेवते. मग बेल वाजते, ती दाराशी जाते, खिडकीत बसते, बागेत जाऊन रडते. दूध कुणी उतरवलं?"

दिग्दर्शिकेने तोंड उघडलं. दूध? संकलनाच्या टेबलावर तिने तो प्रसंग इतक्या वेळा पाहिला होता.

"बाबा, त्यात काय आहे ना, ते मुद्दामच..."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. कोर्टात भलेभले साक्षीदार या नजरेपुढे गप्प झाले होते.

"विसरले," ती म्हणाली.

"तरीच. माझा सगळा जीव त्या स्वयंपाकघरात अडकला होता. डोळा मिटायची सोयच नव्हती."

"उद्याच्या उद्या एक शॉट घालते. गॅस बंद करायचा."

"मुळीच नको," बाबा काठी शोधत म्हणाले. "मला पिक्चर पुन्हा बघायचाय. दूध उतरवलंस तर मी झोपेन."