विहिरीची गोष्ट आणि सुमनअक्का

दोंडाईच्याच्या आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल सुमनअक्का कुणालाही पुस्तकाचं नाव विचारत नसत. नाव आठवत असेल तर स्वतः कपाट उघडा, असं त्यांचं म्हणणं. नाव आठवत नसेल तरच त्या खुर्चीवरून उठत आणि विचारत, "वाचताना कुठे बसला होता? ऊन कुठून येत होतं? घरात काय शिजत होतं?" उत्तरं ऐकताना डोळे मिटून जोरात श्वास ओढत, जणू तुमच्या घरच्या फोडणीचा वास त्यांना तिथं येत होता. मग एखाद्या कपाटावर टकटक करायच्या, थोडं थांबायच्या आणि आतून कुणी 'या' म्हटल्यासारखं दार उघडून पुस्तक काढायच्या. "आठेच शे," म्हणायच्या. इथंच आहे.

मी तिथं मराठी शिकवायला लागले ते नव्वदच्या आसपास. आल्या आल्या इतिहासाच्या महाजन सरांची फजिती पाहिली. त्यांना लहानपणी वाचलेली एक कादंबरी हवी होती आणि आठवत होता फक्त घोडा. आपण ती ओसरीवर ऐसपैस बसून वाचली, असं सरांनी सांगितलं. अक्का डोळे न उघडताच म्हणाल्या, "मला तर अंधार दिसतो, सर."

सरांचा चेहरा उतरला. वडिलांच्या धाकानं त्यांनी ती कणगीमागे लपून वाचली होती आणि हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. पुस्तक मिळालं, घोडाही मिळाला, पण सर पुन्हा ग्रंथालयात एकटे गेले नाहीत. पुस्तक हवं असलं की शिपायाला पुढे घालत. हेडमास्तर तर दारातूनच बोलत.

मलाही धाकधूक असायची. भर उन्हाळ्यात ती खोली गार लागे. कसर लागू नये म्हणून कपाटांत घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास घशात बसे. एकदा मी दाराशी पोचले तर अक्का आतल्या बाजूला कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, की आज कुणीच आलं नाही. मी डोकावले. आत कपाटंच होती.

एका दुपारी मी नववीच्या वर्गाला एक गोष्ट सांगायला घेतली आणि मध्येच अडकले. एक मुलगी रोज विहिरीत वाकून स्वतःला हाक मारते, विहीर ती हाक परत देते. एक दिवस मुलगी तोंड उघडायच्या आधीच आतून हाक येते. पुढचं काही केल्या आठवेना. मधल्या सुट्टीत अक्कांकडे गेले.

गोष्ट ऐकून त्या नेहमीसारख्या उठल्या नाहीत. बसल्या जागीच विचारलं, "कुठे बसला होता, बाई?"

बसले नव्हते, आडवी होते, मी म्हटलं. आणि बोलता बोलता माझंच मला दिसायला लागलं. आमच्या पिंपळनेरहून मला टायफॉइडसाठी धुळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं, तेव्हा मी दुसरीत असेन. हिरव्या भिंती, फिनेलचा वास. हातात पुस्तक नव्हतंच. शेजारच्या खाटेवर एक मुलगी माझ्याकडे तोंड करून निजली होती आणि तिची आई तिच्या पाठीशी बसून गोष्ट सांगत होती.

"बठ्ठं पुस्तकमा नही ऱ्हास," अक्का म्हणाल्या. सगळं पुस्तकात नसतं. शाळेत त्या 'आठेच शे'पलीकडे घरची बोली बोलत नसत.

मग त्यांनी शेवट सांगितला. विहिरीतला आवाज म्हणतो, रोज मला इथं टाकून जातेस, आज घरी ने. मुलगी त्याला ओच्यात घेऊन घरी येते. धुळ्याच्या त्या दवाखान्यात इतकं सांगून झालं तेव्हा नर्सनं अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला होता. लेक केव्हा गेली, गोष्ट कुठवर तिच्या कानी पडली, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यांना फक्त तिची पाठ दिसत होती.

तिचं तोंड मला दिसलं होतं.

"गोष्टीत हाक आली तेव्हा मी घाबरून रडायला लागले," मी म्हटलं. "तिनं ओठांवर बोट ठेवलं, मला गप्प केलं. पुढचं ऐकायचं होतं तिला. हसत होती, अक्का. मग मलाच झोप लागली."

"हसत होती?"

"हो."

अक्कांनी पदरानं चष्मा पुसला आणि तो हातातच धरून बसल्या. घंटा झाली तरी आम्ही दोघी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता नववीच्या वर्गात आल्या आणि पहिल्यापासून गोष्ट सांगू लागल्या. त्यांना मुलगी होती, हे तोवर शाळेत कुणाला माहीत नव्हतं. विहिरीतून हाक येते तिथं त्या थांबल्या, आणि मग हळूच लेकीचं नाव घेतलं, "इंदू."

अक्का उत्तराची वाट बघत असाव्यात, इतका वेळ गप्प उभ्या राहिल्या. मुलंही वाट बघत राहिली.