धनजचा साउंड बॉक्स

दौलतरावांच्या घरात सात ग्रामोफोन होते आणि सातही मुके. त्यातला वडिलांचा भोंग्याचा बाजा अकरा वर्षांपासून गप्प होता. त्याचा साउंड बॉक्स, म्हणजे सुई बसते ती गोल डबी, फुटली होती. अकोला-अमरावतीचे भंगारबाजार पालथे घालून झाले, पण जोड सापडली नाही. शेवटी धनजच्या चंपतरावांकडे तशी डबी असल्याचं कळलं. दोघांची कधी भेट नव्हती. फोनवर चंपतराव एवढंच म्हणाले, "रविवारी या. पाहू."

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून दौलतरावांनी आपल्या मळ्यातली पिशवीभर वांगी घेतली आणि मंगरूळपीरहून एसटी धरली.

धनजला पोहोचले तर चंपतरावांच्या अंगणात तिरडी बांधणं चालू होतं. म्हातारा पहाटेच गेला होता. दौलतराव पिशवी घेऊन तिथंच थिजले. अशा वेळी साउंड बॉक्स कुठल्या तोंडानं मागायचा?

मागल्या पावली निघावं म्हणून ते वळले, तर चंपतरावांच्या पुतण्यानं, गणेशनं, हटकलं. "तुमी कोन?"

दौलतरावांनी तोंड उघडायच्या आत दारात बसलेल्या कस्तुराबाई, चंपतरावांच्या पत्नी, म्हणाल्या, "त्यायचे दोस्त हायत. मंगरूळचे."

"काकाले दोस्त होता?" गणेश चकित झाला. त्यानं वांग्यांची पिशवी ओढून घेतली अन् शेजारणीकडे दिली. "कडू घासाची भाजी बी घेऊन आले बिचारे!"

झालं. कडू घास म्हणजे मयतीनंतरचं पहिलं जेवण; त्याची भाजी आणणारा माणूस, म्हणजे घरचाच. त्यात अंगणात मोजून नऊ माणसं. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा चौथा खांदा दौलतरावांचा निघाला. वाटेत बदली खांदा द्यायला कोणी पुढं आलं नाही.

चिता पेटल्यावर गणेश म्हणाला, "आता दोस्तानं दोन शब्द बोलावं."

"मी काय बोलू?" दौलतराव कासावीस झाले.

"तुमी नाही त कोन? आमच्याशी त ते बोलतच नव्हते."

दौलतराव उभे राहिले. "चंपतराव म्हंजे गोड मानूस," त्यांनी सुरुवात केली. "कोनाले टाकून बोलले नाहीत. सांजच्याले बाजा लावत, अन् सारी गल्ली ऐकाले जमत असंन..."

लालसिंग नावाचे म्हातारे शेजारी पुटपुटले, "हे कोन्या चंपतचं सांगून राह्यले?"

"चुप बसा ना," गणेश म्हणाला. "चांगलं बोलून राह्यले."

मग दौलतरावांना आपले वडील आठवले. त्यांच्या प्रेतापाशी बोलायचं राहून गेलेलं सगळं त्यांनी चंपतरावांच्या नावानं बोलून टाकलं. गणेश हुंदके देऊन रडला. लालसिंगांनीही डोळे पुसले, पण संशयानंच.

परत आल्यावर अंगण रिकामं झालं. दौलतरावांना राहवलं नाही. ते कस्तुराबाईंसमोर खाली मान घालून बसले.

"बाई, माफ करा. मी दोस्त नाही. मी साउंड बॉक्ससाठी आलतो."

"मालूम हाय मले. तुमचा फोन आलता तवा मी बाजूलेच होती."

"मंग दोस्त काहून म्हनलं?"

"त्यायले एकबी दोस्त नव्हता. दोन शब्द बोलाले कोनीतरी पायजे होतं ना." बाई शांतपणे म्हणाल्या. "गनेश सांगत होता, लय चांगलं बोलले तुमी."

दौलतरावांनी चाचरत विचारलं, "त्या डबीचं कसं मंग?"

"तेरवीले या. तवा पाव्हने जास्त राहतीन. असंच बोलजा, मंग घेऊन जाजा."

दौलतराव कपाळाला हात लावून बसून राहिले. बाप एकदा बोलून संपला होता. तेरवीला काय सांगायचं?

"बाई," ते म्हणाले, "त्यायच्याबद्दल एखांदी खरी गोष्ट त सांगा."

कस्तुराबाईंनी पुष्कळ वेळ विचार केला. दिवा सारखा केला, पुन्हा विचार केला.

"कोनाच्याच मयतीले गेले नाहीत कधी," त्या म्हणाल्या. "पन हे नका सांगजा."