रांग एकतीस, जागा अकरा आणि बारा

वॉकोमा स्टेट विद्यापीठाच्या क्रीडा विभागातील निष्ठा कक्षाकडून डेलमर प्रुइट, वय एकाहत्तर, यांना दहा नोव्हेंबरला पत्र आलं. 'दिनांक अठरा ऑक्टोबरच्या सामन्यात आपण खेळ संपण्यास अकरा मिनिटे बाकी असताना स्टेडियम सोडल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपले निष्ठागुण किमान मर्यादेखाली गेले असून, रांग एकतीसमधील आपली जागा क्रमांक बारा या पत्राच्या तारखेपासून रद्द करण्यात येत आहे.' खाली विद्यापीठाचं बोधवाक्य छापलं होतं: खेचर हटत नाही.

खेचर म्हणजे विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. अलाबामातल्या या गावात लग्नाची तारीख काढताना लोक दुसरंतिसरं काही बघत नाहीत, खेचरांचं वेळापत्रक बघतात. डेलमर आणि लोरीनचं लग्नही खेचरांना सुट्टी असलेल्या एकुलत्या एका शनिवारी लागलं होतं. त्याच वर्षी त्यांनी अकरा आणि बारा या शेजारशेजारच्या जागा घेतल्या. अकरावर लोरीन, बारावर डेलमर. एकेचाळीस वर्षं. या वर्षीच्या फेब्रुवारीत लोरीन गेली, आणि तेव्हापासून अकरावर तिचं तपकिरी जाकीट बसायचं.

हंगाम संपत आला होता आणि खेचरांचे विजय दोन, पराभव आठ होते. त्याच आठवड्यात गावात आणखी तीन घडामोडी झाल्या. मुख्य प्रशिक्षकाला काढून टाकलं. करारानुसार त्याने पुढची चार वर्षं खेचरांना काहीही शिकवू नये म्हणून त्याला पूर्ण पगार मिळणार होता. संघाचा म्होरक्या खेळाडू, ज्याच्या नावाचे सदरे गावातली पोरंबाळं घालून फिरत होती, त्याने पुढच्या वर्षी कट्टर शत्रूच्या संघात जात असल्याचं जाहीर केलं. आणि विद्यापीठाने स्वतः, नव्वद वर्षांचे शेजारी-प्रतिस्पर्धी सोडून, अडीच हजार मैलांवरच्या श्रीमंत संघांच्या साखळीत प्रवेश घेतला. या तिन्ही जाण्यांबद्दल विद्यापीठाने पत्रकं काढली. तिन्ही पत्रकांत 'नव्या वाटचालीस शुभेच्छा' असे शब्द होते.

"म्हणजे सगळे पळाले त्यांना हारतुरे, आणि तू अकरा मिनिटं आधी उठलास तर तुला फाशी!" डेलमरचा शेजारी रॉइस उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला. अरे, अठ्ठेचाळीस-शून्य झालं होतं तेव्हा! पाऊस कोसळत होता. मी तर मध्यंतराच्या आधीच घरी येऊन सूप पीत होतो."

"मग तुला पत्र नाही आलं?"

"माझी कायमची जागाच नाही. मला निष्ठा नाही ना, त्यामुळे जाईलच काय?"

त्या दिवशी आपण का उठलो हे डेलमरने कुणालाच सांगितलं नव्हतं. एकेचाळीस वर्षांत तो शेकडो वेळा उठायला निघाला होता. दर वेळी लोरीन त्याची बाही ओढून म्हणायची, "बस खाली. शेवटचा बँड वाजल्याशिवाय हलायचं नाही. आपण जिंकायला थोडेच येतो?" अठरा ऑक्टोबरला पाऊस आला, जाकीट भिजू नये म्हणून त्याने ते पोटाशी धरलं, तो उठला, आणि बाही ओढायला कुणी नव्हतं. तो तसाच चालत राहिला. जिन्यावर आल्यावर त्याला रडू फुटलं, आणि रडणारा म्हातारा बघून पहारेकऱ्याने आधी छत्री पुढे केली आणि मग तिकीट मागितलं.

बारा तारखेला डेलमर निष्ठा कक्षात गेला. खिडकीवर केलिन नावाची मुलगी होती, गोड बोलणारी.

"मिस्टर डेलमर, या ना, बसा. चहा घेणार, थंड? गोड आहे."

"चहा नको, पोरी. माझी जागा दे."

केलिनने संगणकात बघितलं. चेहरा पाडला. "बाहेर पडल्याची नोंद आहे हो. दारावरचं यंत्र खोटं बोलत नाही. पण तुमच्या मिसेसचं काय कौतुक करावं! लोरीनबाई अजून आत आहेत."

"कुठे आत?"

"स्टेडियमात. अठरा ऑक्टोबरला दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी आत गेल्या त्या बाहेर पडलेल्याच नाहीत. आज पंचवीस दिवस झाले."

डेलमरच्या डोक्यात प्रकाश पडला. रिकाम्या जागेचा नियम कडक होता: तीन सामने तिकीट दारावर दाखवलं नाही, तर जागा जप्त. म्हणून तो दर वेळी आत जाताना दोन्ही तिकिटं दाखवायचा आणि निघताना दोन्ही. त्या दिवशी डोळे भरून आले होते, आणि निघताना त्याने स्वतःचं एकच दाखवलं. पुढच्या सामन्याला लोरीनच्या तिकिटावर यंत्राने 'आधीच आत' असं दाखवलं, तेव्हा दारावरचा माणूस म्हणाला होता, "काका, त्या पुढे गेल्या वाटतं. जा तुम्ही."

"पोरी, लोरीन फेब्रुवारीत वारली," डेलमर म्हणाला.

केलिनचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! खूप वाईट वाटलं, मिस्टर डेलमर." मग तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पण तशी आमच्याकडे नोंद नाही. आणि तुम्ही करूही नका. केलीत तर अकराही जाईल. मयत धारकाची जागा निष्ठावान जोडीदाराला मिळते, आणि तुम्ही..."

"मी निष्ठावान नाही."

"कागदावर, हो. फक्त कागदावर."

इतक्यात आतून उपसंचालक (निष्ठा) ब्रेंट ॲशवर्थ बाहेर आले. वय चौतीस, अंगात खेचराचं चित्र असलेला कोट. यादी हातात होती आणि आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

"तुम्ही प्रुइट? लोरीन प्रुइट यांचे मिस्टर? अहो, सहाशे तास! या हंगामाची 'आदर्श चाहती' निवडायला समिती बसवायची गरजच उरली नाही. दुसऱ्या नंबरावर जो आहे तो स्वच्छतागृहात अडकला होता, तोही फक्त नऊ तास. एकतीस रांगेतून एक तक्रार नाही, शिवी नाही, प्रशिक्षक बदला म्हणून पत्र नाही. संघ कसाही खेळो, जागेवरून हलायचं नाही! असे चाहते हवेत आम्हाला."

"ती बोलत नाही हल्ली," डेलमर म्हणाला.

"तेच तर!"

केलिन घाईघाईने मध्ये पडली. "सर, नियम चौदा. आदर्श चाहत्याला शेजारच्या जागेवर कायमचा एक पाहुणा आणता येतो. बारा नंबर आता रिकामाच आहे."

"उत्तम! कुणाला आणतील त्या?"

केलिनने डेलमरकडे बघितलं. डेलमरने टोपी काढून हातात घेतली. एकेचाळीस वर्षं जी जागा त्याची होती, तिच्यावर मेलेल्या बायकोचा पाहुणा म्हणून बसायचा अर्ज त्याने तिथेच भरला. 'यजमान चाहत्याशी नाते' या रकान्यात त्याने 'नवरा' लिहिलं. अटीही वाचल्या. तिसरी अट अशी होती: यजमान जागेवर असेपर्यंत पाहुण्यास स्टेडियम सोडता येणार नाही.

"ही अट तिचीच आहे," तो केलिनला म्हणाला, आणि सही केली.

एकोणतीस नोव्हेंबरला शेवटचा सामना झाला. मध्यंतराला खेचर पस्तीस-तीनने मागे होते. बँड वाजला, ॲशवर्थ मैदानाच्या मध्यभागी गेले आणि कर्ण्यातून म्हणाले, "प्रशिक्षक येतात, जातात. खेळाडू येतात, जातात. पण लोरीन प्रुइट? लोरीन प्रुइट कधीच गेल्या नाहीत!"

साठ हजार लोक उठून उभे राहिले. मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर रांग एकतीस दिसली. टाळ्या वाजवता वाजवता लोक पडद्यावर बाई शोधू लागले. तिथे एक तपकिरी जाकीट होतं आणि शेजारी एक म्हातारा खाली मान घालून बसला होता. टाळ्या क्षणभर अडखळल्या. मग कुणीतरी ओरडलं, "खेचर हटत नाही!" आणि पुन्हा जोरात सुरू झाल्या. सगळे उभे आहेत म्हटल्यावर थांबणार कोण?

गेली की, डेलमर मनात म्हणत होता. नऊ फेब्रुवारीला, पहाटे, माझा हात धरून गेली. तुम्हाला काय कळणार? त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर अकराही गेली असती आणि बाराही. त्याने जाकिटाची बाही मुठीत धरली.

सामना छप्पन्न-तीनने गेला. शेवटचा बँड वाजेपर्यंत वरखालचे बाक ओस पडले होते. रॉइसने खालून हाका मारल्या. "डेलमर! अरे चल! शेगडीवर बरगड्या करपतायत!"

"यजमान आत आहे रे," डेलमर म्हणाला. "तिला सोडून कसा येऊ?"

"पुढच्या वर्षी तरी सोडशील ना हे? नवा प्रशिक्षक, नवी पोरं, नवी साखळी. तुझं त्यातलं राहिलं काय?"

डेलमरने आजूबाजूला बघितलं. खरंच, ज्यांच्यासाठी तो घसा बसवायचा त्यांतला एकही जण पुढच्या वर्षी इथे नसणार होता. राहिलेले दोघेच होते, आणि त्यातली एक फेब्रुवारीतच गेली होती. "जागा आहे ना," तो म्हणाला. झाडूवाल्यांनी एकतीसव्या रांगेला वळसा घातला. उजेड कमी झाल्यावर त्याने जाकीट खांद्यावर टाकलं आणि जिना उतरला. दारावर फक्त स्वतःचा पास दाखवला. लोरीनचं तिकीट खिशातच ठेवलं. यंत्राने लाल दिवा लावून 'यजमान आत आहेत' असं बजावलं, तेव्हा पहारेकरी म्हणाला, "जा काका. त्यांना सांगतो मी." पुढच्या हंगामाचे दोन्ही अर्ज डेलमरने डिसेंबर उजाडायच्या आत भरले.

काय वेडा माणूस, म्हणून तुम्ही हसताय. हसा. पण ज्या पुढाऱ्याच्या नावाने तुम्ही घोषणा देऊन घसा बसवलात, भावाशी बोलणं टाकलंत, तो हल्ली कुठल्या तंबूत बसतो ते जमलं तर एकदा बघून या. बघायला जाताना मात्र जागा सोडू नका. नोंद तुमचीच होते.